विचारा, सांगते : व्होल्गाकाठचे मारी लोक

मागच्या अंकात रशियातल्या छोट्या भाषांबद्दल लिहिताना मी मारी लोकांचा विषय दोन वाक्यांत उरकला होता. व्होल्गा नदीच्या काठी राहतात, भाषा फिनिश आणि हंगेरियनच्या नात्यातली आहे, आणि त्यांच्यातले बरेच जण अजून राईत झाडाखाली पूजा करतात, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलंय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि लांबलचक पत्रांतला फक्त मुद्दा घेतलाय, रागावू नका.

नाशिकहून एक निवृत्त शिक्षक : ताई, हे मारी म्हणजे रशियनच ना शेवटी? मग वेगळे कसे?

सर, पासपोर्ट रशियाचा, पण रशियन नव्हेत. मॉस्कोपासून पूर्वेला साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास मारी एल नावाचं प्रजासत्ताक आहे, रशियन संघराज्यातलंच, राजधानी योश्कर-ओला. खालच्या बाजूला तातारांचं कझान शहर, शेजारी चुवाश लोकांचं प्रजासत्ताक, मधून व्होल्गा जाते जिला मारीत ‘यूल’ म्हणतात. रशियन ही स्लाव्ह भाषा, तातार आणि चुवाश तुर्की घराण्यातल्या, आणि मारी या दोन्हीत न बसणारी, उरालिक घराण्यातली. म्हणजे हे सगळे शेजारी शेकडो वर्षं एकाच बाजारात जातायत पण घरी बोलायच्या भाषा तीन वेगळ्या घराण्यांतल्या.

त्यांच्यातही गट आहेत. व्होल्गाच्या डाव्या तीरावरचे ते कुरणमारी, यांची संख्या सगळ्यात जास्त. उजव्या, उंच तीरावरचे डोंगरमारी (डोंगर म्हणजे आपला सह्याद्री डोळ्यापुढे आणू नका, नदीकाठचे उंच कडे आहेत ते). आणि तिसरे पूर्वमारी, जे थेट उरालपर्यंत बाश्कोर्तोस्तान वगैरे भागात राहतात. ते तिकडे कसे गेले ते पुढे येतंच.

सोलापूर : जुन्या एका इंग्रजी ज्ञानकोशात ‘चेरेमिस’ नावाचे लोक वाचले होते, तेच का हे?

तेच. चेरेमिस हे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं, स्वतःला ते मारीच म्हणवतात. दहाव्या शतकात खजर राजा योसेफ याच्या पत्रात ‘त्सर्मिस’ असं येतं, जुन्या रशियन बखरीतही चेरेमिस येतात. क्रांतीनंतर हळूहळू सरकारी कागदांतून ते नाव गेलं. आज कुणा मारी माणसाला चेरेमिस म्हणू नये.

कोल्हापूर, पत्र लिहिणारी कॉलेजात इतिहास शिकते : इव्हान द टेरिबलने कझान जिंकलं तेव्हा मारी कुणाच्या बाजूने होते? नेटवर दोन्ही लिहिलंय, कुठलं खरं?

दोन्ही खरं, आणि तीच तर गंमत आहे (गंमत म्हणायची आपण चारशे-पाचशे वर्षांनी, त्यांच्यावर काय वेळ आली असेल). कझानची खानशाही म्हणजे तातारांचं राज्य, मारी त्यांचे कर भरणारे आणि लढाईला माणसं देणारे. मॉस्कोच्या झारला कझान हवं होतं. १५५१ मध्ये रशियनांनी कझानच्या वरच्या अंगाला स्वियाझ्स्क नावाचा किल्ला उभा केला आणि उजव्या तीरावरचे डोंगरमारी आणि चुवाश झारकडे गेले, कारण सरळ आहे, किल्ला त्यांच्या दारातच आला होता. डाव्या तीरावरचे कुरणमारी मात्र कझानच्या बाजूने राहिले, रशियन फौजेच्या पिछाडीवर जंगलातून हल्ले करत राहिले. १५५२ च्या ऑक्टोबरात कझान पडलं.

डोंगरमारींच्यात एक दंतकथा आहे अक्पर्स नावाच्या सरदाराची. कझानच्या तटाखाली सुरुंग लावायचा होता पण भुयार किती लांब खणायचं हे कुणाला कळेना, तटाजवळ जाऊन मोजणार कोण? तर हा अक्पर्स म्हणे गुस्ली, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं तंतुवाद्य, वाजवत वाजवत तटाकडे चालत गेला, वरचे पहारेकरी गाणं ऐकत राहिले आणि हा पावलं मोजत राहिला. सुरुंग उडाला हे इतिहासात आहे, गुस्ली फक्त कथेत. पण कुठल्या लोकांनी आपल्या वीराच्या हातात तलवारीऐवजी वाद्य दिलं हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

शाळेतल्या पुस्तकात गोष्ट इथे संपते, ‘कझान पडलं’ वर. मारींच्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते. कझान पडल्यावर कुरणमारी शरण आलेच नाहीत. १५५२ पासून १५८५ पर्यंत, मधे मधे थांबत, तीन मोठी युद्धं झाली, त्यांना चेरेमिस युद्धं म्हणतात. पहिल्यात मामिच-बेर्देय नावाचा पुढारी होता. त्याने आपल्याला राजा हवा म्हणून नोगाई टोळीतला एक राजपुत्र फौजेसकट बोलावून घेतला. तो काही उपयोगाचा निघाला नाही, नुसता बसून खायचा. मग मारींनी त्याला मारलं आणि मुंडकं उंच खांबावर लावलं, वर ऐकवलं की आमची गुरंढोरं खाल्लीस आणि राज्य काही केलं नाहीस, आता इथे उंचावर बसून राज्य कर. हे आंद्रेई कुर्ब्स्की या रशियन सरदाराने लिहून ठेवलंय जो स्वतः त्या मोहिमेत होता, म्हणजे शत्रूच्या लेखणीतून आलेलं आहे, तेवढं सांभाळून वाचा. मामिच-बेर्देयला १५५६ मध्ये पकडून मॉस्कोला पाठवलं, आणि पकडलं कुणी? डोंगरमारींनी. नदीच्या एका काठाने दुसऱ्या काठाला धरून दिलं.

रशियनांनी मग भागात किल्ल्यांची साखळी बांधली, कोक्षाय्स्क, कोझ्मोदेम्यान्स्क (१५८३), आणि १५८४ मध्ये त्सार्योवोकोक्षाय्स्क, म्हणजे कोक्षागा नदीवरचं झारचं गाव. हेच आजचं योश्कर-ओला. मारींनी पुन्हा हत्यारं बनवू नयेत म्हणून त्यांच्यात लोहारकाम करायलाच बंदी घातली गेली. विचार कर, गावात लोहार नाही म्हणजे हत्यारं तर नाहीतच पण नांगराचा फाळ आणि कुऱ्हाडसुद्धा रशियन व्यापाऱ्याकडून घ्यायची. या युद्धांनंतर बरीच कुटुंबं उठून पूर्वेला निघाली, आणि मग १७४० च्या दशकात जेव्हा जबरदस्तीच्या बाप्तिस्म्याची लाट आली तेव्हा आणखी. तेच पूर्वमारी. पळून गेलेल्यांनी जुना धर्म जास्त जपला, मागे राहिलेल्यांपेक्षा.

चिंचवड : मारी बिस्किटाचा आणि या लोकांचा काही संबंध? (हसू नका.)

हसले नाही, तीन जणांनी विचारलंय. संबंध नाही. ते बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४ मध्ये काढलं, इंग्लंडच्या राजपुत्राशी लग्न झालेल्या रशियन राजकन्या मारियाच्या नावाने. मुलगी रशियाची होती एवढंच.

पुण्याहून एका काकांचा चार पानी मेल, मुद्दा असा : मारी भाषेत शंभरला जो शब्द आहे तो आपल्या ‘शत’सारखा आहे, मध आणि माशीचंही तसंच. यावरून संस्कृत तिथपर्यंत पोचली होती हे सिद्ध होत नाही का? आणि हे लोक मुळात आपलेच नसतील कशावरून?

काका, तुमचे शब्द बरोबर आहेत, निष्कर्षाशी मी भांडणार आहे.

आधी शब्द. मारीत शंभर म्हणजे ‘श्युद्यो’, मध ‘म्युय’, मधमाशी ‘म्युक्श’ (तो ‘यु’ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला ‘इ’, देवनागरीत नीट लिहिता येत नाही). समोर ठेवा शत, मधु, मक्षिका. जुळतात, आणि हे जुळणं योगायोग नाही, अभ्यासकही तेच सांगतात. पण आता हेच शब्द फिनिशमध्ये बघा, शंभर म्हणजे ‘साता’, हंगेरियनमध्ये ‘साझ’. मध फिनिशमध्ये ‘मेसि’, हंगेरियनमध्ये ‘मेझ’. म्हणजे हे शब्द एकट्या मारीने घेतलेले नाहीत, या सगळ्या भाषांच्या पूर्वजांनी फार पूर्वी घेतलेत, एकमेकांपासून लांब जायच्या आधी. कुणाकडून? तर उरालच्या दक्षिणेला गवताळ प्रदेशात ज्या टोळ्या इंडो-इराणी बोलत होत्या त्यांच्याकडून, बहुतेक जण हा काळ इसवी सनाच्या दोनेक हजार वर्षं आधीच्या आसपास धरतात. तेव्हा संस्कृत ही संस्कृत झालेली नव्हती आणि इराणी भाषा वेगळी पडायची होती, किंवा नुकती पडत होती. म्हणजे भारतातून कुणी तिकडे शिकवायला गेलं नव्हतं, तिकडेच कुठेतरी शेजारी शेजारी राहताना एकाने दुसऱ्याकडून मोजायचा आणि मधाचा शब्द उचलला. आणि मधाचाच का, तर मारी प्रदेश आजही मधमाश्यांसाठी नावाजलेला आहे, जुन्या काळी जंगलातल्या झाडांच्या ढोलीतून मध काढायचे आणि कर म्हणून मध, मेण आणि फर द्यायचे.

आणि तुमच्या मेलमध्ये नाहीये असा एक शब्द मीच देते, ‘मारी’ हाच. मारी भाषेत त्याचा अर्थ पुरुष, नवरा. ऋग्वेदात मरुतांना ‘मर्य’ म्हटलंय, म्हणजे तरुण पुरुष, आणि ‘मारी’ हा त्याच जुन्या इंडो-इराणी शब्दावरून आला असावा असं मत प्रचलित आहे.

पण उसना शब्द वेगळा आणि नातं वेगळं. नातं बघायचं तर रोजचे शब्द बघावे लागतात. मारीत हात ‘किद’, फिनिशमध्ये ‘कासि’, हंगेरियनमध्ये ‘केझ’. पाणी ‘व्युद’, ‘वेसि’, ‘वीझ’. रक्त ‘व्युर’, ‘वेरि’, ‘वेर’. मासा ‘कोल’, ‘काला’, ‘हाल’. इथे संस्कृत कुठेच नाही. अरबी-फारसीतून ‘हवा’, ‘जमीन’, ‘कागद’ आले म्हणून मराठी काही अरबी होत नाही ना? मारीत तातारांकडून आलेले शब्द तर शेकड्यांनी आहेत. नमस्कार करायचा तर म्हणतात ‘सलाम लीझे’, तो सलाम तोच जो आपण करतो, अरबीतून निघून एक व्होल्गेला गेला आणि एक आपल्याकडे आला. आभार मानायला ‘तौ’, तोही तुर्की.

आणि काका, खरा सापळा वेगळाच आहे, योगायोगाचा. मारीत ‘मी’ म्हणजे ‘मय’, ‘तू’ म्हणजे ‘तय’. ‘मुलाला’ म्हणायचं तर ‘योचालान’, योचा म्हणजे मूल आणि ‘लान’ प्रत्यय. आपल्या ‘ला’सारखाच! ही जोडी बघून कुणीही उडी मारेल. पण आपल्या ‘ला’चा इतिहास वेगळा आणि त्यांच्या ‘लान’चा वेगळा, दोन्हीकडे ल आला एवढंच. म्हणून नुसतं कानाला सारखं लागलं की नातं जोडायचं हे थांबवा अशी माझी हात जोडून विनंती आहे. मारी लोक ‘आपले’ निघाले तरच आपल्याला त्यांच्यात रस, हे मला पटत नाही.

रत्नागिरीहून ताई : भाषा शिकायला कठीण आहे का? व्याकरण कसं आहे?

मराठी माणसाला काही गोष्टी पटकन कळतील. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय शब्दाला मागून चिकटतात, आणि चिकटत चिकटत शब्द लांब होतो. विभक्त्या साधारण नऊ मोजतात. लिंग अजिबात नाही, तो, ती, ते सगळ्याला ‘तुदो’, म्हणजे आपल्याकडे ‘ती पेन की तो पेन की ते पेन’ यावर घरात जे वाद होतात ते तिकडे होत नाहीत. ‘माझा’ वेगळा लावावाच लागतो असं नाही, तोही प्रत्ययात जातो, किद म्हणजे हात, किदेम माझा हात, किदेत तुझा हात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नकार. तिथे ‘नाही’ हेच क्रियापदासारखं चालतं आणि मुख्य क्रियापद बापडं तसंच राहतं. मी येत नाही ‘मय ओम तोल’, तू येत नाहीस ‘तय ओत तोल’, तो येत नाही ‘तुदो ओक तोल’, ते येत नाहीत ‘नुनो ओगित तोल’. आपणही नाही, नाहीस, नाहीत करतोच की, हिंदीवाल्याला हे समजवायला वेळ लागतो, आपल्याला लागत नाही. (नाही काका, हेही नातं नाही.)

लिपी रशियनच, दोनचार जादा अक्षरं घालून. एक मात्र आहे, प्रमाणभाषा दोन आहेत, कुरणमारी आणि डोंगरमारी, दोघांची अक्षरंही थोडी वेगळी, आणि प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेत रशियनबरोबर दोन्हीला मान्यता आहे. पहिलं छापील व्याकरण १७७५ मध्ये पीटर्सबर्गला निघालं. शिकायचंच असेल तर व्हिएन्ना विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इंग्रजीतून मारी शिकायचं पुस्तक आणि मोठा शब्दकोश नेटवर फुकट ठेवलाय. २०२४ मध्ये गुगल ट्रान्सलेटने एकदम ११० भाषा वाढवल्या त्यात कुरणमारी आली, आपली मारवाडीसुद्धा त्याच यादीत होती. भाषांतर कसं येतं ते विचारू नका.

महाडहून : तुम्ही राईचा उल्लेख केलात. आमच्याकडे देवराया आहेत, तसंच काही आहे का ते? आणि हे लोक ख्रिश्चन नाहीत का?

बरंचसं तसंच. त्या राईला ‘क्युसोतो’ म्हणतात, लिंडेन, बर्च, ओक अशी झाडं असतात, तिथली फांदी तोडायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, आंघोळ करून स्वच्छ कपडे घालून जायचं, पूजेला पांढरे. देऊळ नाही, मूर्ती नाही. पूजा सांगणाऱ्याला ‘कार्त’ म्हणतात. सगळ्यात मोठा देव ओश कुगु युमो, म्हणजे थोर शुभ्र देव, आणि त्याच्याबरोबर वाऱ्याचे, पाण्याचे, जन्माचे असे बरेच. नैवेद्याला भाकरी, मध, आणि बळीही देतात, हंस, बदक, मेंढा, मग मोठ्या कढईत शिजवून सगळ्यांनी तिथेच जेवायचं. आमच्याकडच्या जत्रेतला मटणाचा रस्सा आठवला असेल तर बरोबर आठवलाय. फरक एक, आपल्या देवराईत बऱ्याचदा एखादा तांदळा किंवा दगड तरी असतो, तिथे झाडच सगळं.

ख्रिश्चन? कागदावर बहुसंख्य ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. अठराव्या शतकात बाप्तिस्मा घेतला की तीन वर्षं करमाफी आणि सैन्यभरतीतून सूट असं आमिष होतं, आणि घेणाऱ्यांच्या वाट्याचा भार न घेणाऱ्यांवर. पण बरेच जण चर्चमध्येही मेणबत्ती लावतात आणि राईतही. जे फक्त जुन्याच धर्माचे ते स्वतःला ‘चिमारी’ म्हणवतात. १८३० च्या सुमारास चर्चला हे इतकं खुपलं की चुंबिलात या वीराचा म्हणून जो पवित्र खडक होता तो मॉस्कोच्या धर्माधिकाऱ्याच्या सांगण्यावरून सुरुंगाने उडवला, लोक उरलेल्या दगडाकडे जात राहिले. १८७० च्या दशकात ‘कुगु सोर्ता’ म्हणजे मोठी मेणबत्ती नावाचा सुधारक पंथ निघाला, त्यांनी प्राणीबळी बंद केले, १८९० च्या कझानच्या प्रदर्शनात आपल्या पूजेची भांडी मांडून आमचा धर्म हा असा आहे म्हणून जगाला दाखवला. सोव्हिएत काळात सगळ्यांनाच दडपलं. आणि आत्ताआत्ताचं म्हणजे २००६ मध्ये एका कार्तला त्याच्या छोट्या पुस्तिकेवरून धार्मिक द्वेष पसरवला म्हणून १२० तासांची सक्तीची मजुरी झाली. ‘युरोपचे शेवटचे मूर्तिपूजक’ असं पर्यटनवाले लिहितात ते वाचून मला चीड येते, मूर्ती नाहीच तिथे.

नागपूर : सोव्हिएत काळात भाषेचं भलं झालं की वाईट?

आधी भलं, मग फार वाईट. १९२० मध्ये स्वायत्त प्रांत मिळाला, मारीत शाळा, पेपर, नाटक सुरू झालं, शहराचं नाव १९२७ मध्ये योश्कर-ओला झालं. सेर्गेय चवाइन हा त्यांच्या साहित्याचा आद्यपुरुष मानतात, १९०५ मध्ये सतराव्या वर्षी त्याने ‘ओतो’ नावाची कविता केली, ओतो म्हणजे राई. १९३७ च्या नोव्हेंबरात ‘राष्ट्रवादी’ ठरवून त्याला गोळ्या घातल्या. कवी ओलिक इपाय पंचविशीचा होता, त्यालाही. शब्दार ओसिपलाही. जी पिढी भाषा उभी करत होती तीच एका वर्षात गेली, आणि ज्यांच्याकडे ती पुस्तकं होती त्यांनी भीतीने जाळली असतील तर त्यांना दोष कसा देणार. १९५६ च्या आसपास चवाइनला निर्दोष ठरवलं. गेलेली माणसं थोडीच परत येतात.

ठाणे : आज किती उरलेत? भाषा मरतेय का?

रशियाच्या जनगणनेत २००२ मध्ये मारी ६ लाख ४ हजार, २०१० मध्ये ५ लाख ४८ हजार, २०२१ मध्ये ४ लाख २४ हजार. शेवटच्या गणनेत लाखो लोकांची राष्ट्रीयता नोंदलीच गेली नाही त्यामुळे तो आकडा जरा सांभाळून घ्या, पण उतार दिसतोच. स्वतःच्या नावाच्या प्रजासत्ताकात ते निम्म्याहून कमी आहेत.

मरतेय असं मी म्हणणार नाही, खेड्यात मुलं अजून बोलतात, मारीत पॉप गाणी निघतात, योश्कर-ओलात मारी नाटकं होतात. पण २०१८ मध्ये रशियात कायदा बदलला आणि शाळेत स्थानिक भाषा ऐच्छिक झाली, पालकाने लेखी मागितली तरच. आता शहरातला पालक काय करेल? परीक्षा रशियनमध्ये, नोकरी रशियनमध्ये. इंग्रजी मीडियमच्या रांगेत फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या आपण लोकांनी त्याला नावं ठेवू नयेत. त्याआधी २००५ मध्ये युरोपियन पार्लमेंटने मारी एलमधल्या दडपशाहीविरुद्ध ठराव केला होता, त्याच वर्षी एका मारी संपादकाला रस्त्यात मारहाण झाली होती. ठरावाने फार काही बदललं असं दिसत नाही.

दादर, फिरायची आवड असलेले काका : बघण्यासारखं काय आहे तिथे?

योश्कर-ओलात गेलात तर गोंधळाल, नदीकाठी बेल्जियमच्या ब्रुग्गे गावासारखी लाल-केशरी घरांची रांग, पलीकडे क्रेमलिनच्या मनोऱ्याची नक्कल. हे सगळं लिओनिद मार्केलोव्ह प्रजासत्ताकाचे प्रमुख असताना बांधलं गेलं, २०१७ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपात त्यांना अटक झाली आणि २०२१ मध्ये १३ वर्षांची शिक्षा. फोटो चांगले येतात म्हणे. मी मात्र तुम्हाला कोझ्मोदेम्यान्स्कला पाठवेन, व्होल्गाकाठचं डोंगरमारींचं गाव, तिथे जुनी लाकडी घरं, पवनचक्की, धान्याची कोठारं असं उघड्यावरचं म्युझियम आहे. खायला ‘कोमान मेल्ना’ मागा, तीन वेगवेगळ्या पिठांचे थर एकावर एक देऊन भट्टीत भाजलेलं धिरडं असतं, वर लोणी. शाकाहारी असाल तरी चालतं, फक्त ‘पोदकोगिल्यो’ (करंजीसारखा सारण भरलेला पदार्थ) घेताना आत काय भरलंय ते आधी विचारा.